लढाऊ वैमानिकाची नोकरी : एक प्रस्तावना

१६ सप्टेंबर १९६५ या दिवशी सियालकोट आघाडीवर पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. त्याच दिवशी पंजाबच्या आकाशात फ्लाइंग ऑफिसर प्रकाश सदाशिवराव पिंगळे यांनी हंटर विमानातून पाकिस्तानचं एक सेबर जेट पाडलं. त्यांच्या जोडीचे फ्लाइंग ऑफिसर बुनशा मात्र परतले नाहीत. यातली पहिली घटना शिरूरच्या वाचकाला घरची वाटायला हरकत नाही. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून जी फौज कोरेगावच्या दिशेनं निघाली तिच्यात पूना इररेग्युलर हॉर्सचे अडीचशेच्या आसपास स्वार होते, आणि त्याच घोडदळाचा वारसा पुढे पूना हॉर्सच्या रणगाड्यांकडे आला. घोडनदीला आजही त्या छावणीच्या खुणा सापडतात.

रणगाड्यांचा इतिहास आपण रेजिमेंटचा म्हणून सांगतो. कोणाच्या आधी कोण होतं, कुठल्या छावणीत तळ होता, कुठल्या गावचे जवान होते, हे सगळं त्यात येतं. वैमानिकाची गोष्ट सांगायची वेळ आली की मात्र एक माणूस, एक विमान आणि एक लढत एवढंच उरतं. पिंगळ्यांचंच पाहा. त्यांनी सेबर पाडलं हे लक्षात राहतं. त्याआधी दहाच दिवस, ६ सप्टेंबरच्या संध्याकाळी, हलवारा तळावर चालून आलेल्या सेबरांनी त्यांचंच हंटर पाडलं होतं आणि ते पॅराशूटनं खाली उतरले होते, हे फारसं कोणी सांगत नाही. त्या दहा दिवसांत त्यांना पुन्हा उडण्यालायक कोणी ठरवलं, दुसरं विमान कुणी तयार करून दिलं, पुन्हा कॉकपिटमध्ये बसताना पट्टे कुणी आवळले, हे तर त्याहून कमी.

हंटरच्या नाकाखाली तीस मिलिमीटरच्या चार तोफा असत. घोडा सलग दाबून धरला तर त्यांचा दारूगोळा सात-आठ सेकंदांपेक्षा जास्त पुरत नसे. लढाऊ वैमानिकाची जी गोष्ट आपण ऐकत आलो ती बहुधा या सात-आठ सेकंदांची आहे. त्याची नोकरी मात्र वीस-पंचवीस वर्षांची असते, काहींची चाळीसच्या घरात जाते. हे पुस्तक त्या नोकरीचं आहे. लढती त्यात आहेत, पण नोकरीतला एक दिवस म्हणून.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतल्या वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून ते तयार झालं, त्याला कारणं आहेत. फौजेची नोकरी या भागाला नवी नाही. दौंड जंक्शनहून मनमाडला जाणारा लोहमार्ग १८७८ चा. अहमदनगरच्या रणगाडा केंद्राकडे आणि पुढे उत्तरेच्या सरहद्दीकडे जाणारे किती जवान या फलाटांवरून चढले-उतरले याची मोजदाद नाही. पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्स्प्रेस दौंडला थांबते तेव्हा ट्रंका आणि होल्डॉल घेऊन चढणारी पोरं सगळ्यांनी पाहिलेली आहेत. लोहगावच्या तळावरून उडालेली सुखोई शिक्रापूर-पाबळच्या डोक्यावरून गेली तर गुरंसुद्धा मान वर करत नाहीत, इतकी ती सवयीची झालेली आहेत. १४ ऑक्टोबर २०१४ ला तर लोहगावला उतरण्याच्या बेतात असलेलं एक सुखोई सोलापूर रस्त्याच्या बाजूला, थेऊर परिसरातल्या शेतात कोसळलं. दोन्ही वैमानिक आसनासकट बाहेर फेकले जाऊन वाचले. विमान इतकं जवळ आहे, आणि वैमानिक मात्र सिनेमातला वाटतो. इथली मुलं हवाई दलात जातात ती बहुतेक एअरमन (विमानांची देखभाल करणारे जमिनीवरचे कर्मचारी) म्हणून, बेळगावजवळच्या सांबऱ्याला प्रशिक्षण घेऊन. कॉकपिटमध्ये बसणारा हा कुणीतरी वेगळ्या जातकुळीचा माणूस, असा समज त्यांच्या घरच्यांचाही असतो. तो समज दूर व्हावा असं वाटतं. नांदेड जिल्ह्यातून आलेले आणि लढाऊ विमानं चालवत वर चढलेले विवेक राम चौधरी २०२१ ते २०२४ अशी तीन वर्षं हवाई दलप्रमुख होते, ही गोष्ट एखाद्या न्हावऱ्याच्या किंवा पाटसच्या मुलाला लढतीच्या दहा कथांपेक्षा अधिक उपयोगाची आहे.

आता या विषयाचा थोडा मागोवा.

लढाऊ वैमानिक नावाचा माणूस पहिल्या महायुद्धात घडला. आधी विमानं नुसती टेहळणी करत. मग टेहळणी करणाऱ्याला हाकलायला दुसरं विमान आलं, आणि त्यावर मशीनगन चढली. खंदकांच्या चिखलात हजारो माणसं निनावी मरत असताना वर्तमानपत्रांना नाव-चेहरा असलेला वीर हवा होता, तो वर सापडला. पाच विमानं पाडणारा ‘एस’ ही मोजणी तेव्हापासूनची. भारतीयांना त्या काळात कमिशन मिळणंच मुश्कील होतं. हरदितसिंग मलिक यांना आधी फ्रेंचांसाठी अँब्युलन्स चालवावी लागली, मग रॉयल फ्लाइंग कोअरचं दार उघडलं. त्यांच्याबरोबरच्या मोजक्या भारतीयांत मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर होते. २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून ते सॉपविथ डॉल्फिन हे विमान चालवत आणि १९१८ च्या जूनअखेरीस फ्रान्सच्या आघाडीवर त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर महिनाभरातच इंद्रलाल रॉय या एकोणीस वर्षांच्या मुलानं जुलैच्या जेमतेम दोन आठवड्यांत दहा विमानं पाडली आणि तो स्वतःही गेला. मोजणीच्या हिशेबात रॉय आपले पहिले आणि एकमेव ‘एस’. वेलिणकरांचं नाव मागे पडलं, कारण त्यांच्या नावापुढे आकडा नाही. या एकाच गोष्टीवरून पुढच्या शंभर वर्षांच्या लेखनाचा कल ओळखता येतो.

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची, आणि पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडवर उभी राहिली: चार वापिटी विमानं आणि इंग्लंडमधल्या क्रॅनवेलहून शिकून आलेले मूठभर अधिकारी. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लायसँडर आणि नंतर हरिकेन घेऊन हे दल लढलं. या युद्धातल्या भारतीय स्क्वाड्रनांच्या नावावर हवेतल्या हवेत पाडलेलं विमान नोंदलेलं आहे ते एकच, १५ फेब्रुवारी १९४४ ला जगदीशचंद्र वर्मा यांनी पाडलेलं. मग आपले वैमानिक चार-पाच वर्षं करत काय होते? झाडांच्या शेंड्यांलगत उडत जपानी तुकड्या कुठे लपल्या आहेत, पूल शाबूत आहे की मोडला, वाटेवर ताज्या खुणा आहेत का, हे पाहत होते; फोटो काढत होते; इंफाळला वेढा पडला तेव्हा खालच्या सैन्याचे डोळे झाले होते. हे काम जीवघेणं होतं आणि त्यात पाडापाडीचा आकडा वाढण्याची सोय नव्हती. युरोपातल्या स्पिटफायरच्या गोष्टींवर वाढलेल्या वाचकाला ते लढाऊ वैमानिकाचं काम वाटतच नाही. आपल्याकडच्या वैमानिकी परंपरेचा पाया मात्र या टेहळणीत आहे, असं माझं मत आहे. १९४७-४८ च्या काश्मीर मोहिमेत, १९६५ ला छांबमध्ये, १९७१ ला लोंगेवाल्यात आपल्या लढाऊ विमानांचं मोठं काम जमिनीकडे पाहूनच झालं.

या पिढीतली अखंड कारकीर्द म्हणून हृषीकेश मुळगावकरांची पाहावी. मुंबईत १९२० साली जन्म, १९४० मध्ये हवाई दलात, ब्रह्मदेशची आघाडी, लगेच काश्मीर आणि तिथल्या कामगिरीबद्दल महावीरचक्र, मग लाकडी सांगाड्याच्या जमान्यापासून आवाजाच्या दुप्पट वेगाच्या जमान्यापर्यंतची सगळी स्थित्यंतरं, आणि १९७६ ते १९७८ हवाई दलप्रमुखपद. निवृत्तीनंतर ते पुण्यात राहिले आणि २०१५ साली, नव्वदी ओलांडून, पुण्यातच गेले. ही सगळी वाटचाल एका महावीरचक्राच्या मानपत्रात मावत नाही. विमानाचा प्रकार बदलला की दहा वर्षं मुरलेल्या वैमानिकालाही पुन्हा विद्यार्थी व्हावं लागतं, आणि मुळगावकरांच्या पिढीला हे किती वेळा करावं लागलं याचा विचार केला तर थक्क व्हायला होतं.

व्हॅम्पायर हे जेट नोव्हेंबर १९४८ मध्ये भारतात आलं. नाकाकडचा भाग प्लायवुड आणि बाल्सा लाकडाचा, शेपटी दोन दांड्यांवर. आशियातल्या कुठल्याही देशाच्या हवाई दलाच्या आधी आपल्याकडे जेट आलं याचा तेव्हा अभिमान होता, आणि तो रास्त होता. पण विमान म्हातारं होतं तसा अभिमान होत नाही. सतरा वर्षांनीही व्हॅम्पायर सेवेत होतंच. ४५ क्रमांकाचं स्क्वाड्रन पुण्याहून ती विमानं घेऊन ऑगस्ट १९६५ मध्ये पठाणकोटला गेलं. १ सप्टेंबरला पाकिस्तानचे पॅटन रणगाडे छांबमध्ये घुसले. दुपारी उशिरा लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जनसिंग संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांकडे आले, आणि चव्हाणांनी काही मिनिटांत हवाई दल वापरायची परवानगी दिली. पंतप्रधानांना विचारून सांगतो असं म्हणण्याची सोय त्यांना होती. त्यांनी ती घेतली नाही. र. दि. प्रधान यांनी संपादित केलेल्या त्यांच्या युद्धकाळातल्या रोजनिशीमुळे त्या दिवसांतलं त्यांचं मन आपल्याला वाचता येतं.

संध्याकाळी पाचनंतर बारा व्हॅम्पायर चार-चारच्या फळीनं गेली. वर सेबर वाट पाहत होती. चार व्हॅम्पायर पडली. पाठक पॅराशूटनं उतरून परत आले; भागवत, जोशी आणि भारद्वाज हे तीन फ्लाइट लेफ्टनंट आले नाहीत. त्या गोंधळात आपल्याच काही रणगाड्यांवर आपलाच मारा झाला, हेही नोंदलेलं आहे. दुसऱ्या दिवसापासून व्हॅम्पायर पुढच्या फळीतून मागे घेतली गेली. ज्या विमानावर एका आख्ख्या पिढीनं जेट शिकलं त्याची लढाऊ कारकीर्द एका संध्याकाळी संपली. पुण्यातल्या घरांतून गेलेल्या या माणसांच्या बाबतीत ‘शौर्यगाथा’ एवढंच लिहून थांबणं मला अन्यायाचं वाटतं. कालबाह्य विमान घेऊन, उजेड मावळायच्या बेतात, खाली कोण आपलं नि कोण परकं हे नीट ठाऊक नसताना त्यांना पाठवलं गेलं. त्या अवस्थेत खालची फळी टिकण्यासाठी दुसरं काही हाताशीही नव्हतं. निर्णय घेणाऱ्यांना दोष देण्याआधी आणि गेलेल्यांवर हार चढवण्याआधी या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. या संग्रहातलं सगळ्यात लांबलेलं प्रकरण याच संध्याकाळचं आहे.

वैमानिकांवरचं लेखन वाचायला लागलं की त्यात निरनिराळे प्रवाह आहेत हे लवकर कळतं. पहिला मानपत्रांचा. शौर्यपदक देताना जे दोन परिच्छेद लिहिले जातात ते पुढे शाळेच्या धड्यात, चौकातल्या फलकावर, वर्तमानपत्राच्या पुरवणीत जसेच्या तसे उतरतात. या लेखनाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. कुटुंबाकडे अनेकदा तेवढंच असतं. पण मानपत्र युद्ध चालू असताना, त्या वेळी जे कळलं होतं त्यावर लिहिलेलं असतं.

दुसरा प्रवाह आठवणींचा, आणि वाचनीय पुस्तकं इथेच आहेत. भाजलेल्या हातांनी लिहिलेलं रिचर्ड हिलरीचं ‘द लास्ट एनिमी’ १९४२ मध्ये आलं आणि त्यानंतर काही महिन्यांतच हिलरी विमान अपघातात गेला. फ्रेंच पिअर क्लॉस्टरमन, जर्मन अडॉल्फ गॅलंड, इंग्रज जॉनी जॉन्सन यांच्या पुस्तकांनी युद्धानंतर दोन पिढ्यांना वेड लावलं. आपल्याकडे १९७१ च्या युद्धातले हवाई दलप्रमुख प्रतापचंद्र लालांचं ‘माय इयर्स विथ द आयएएफ’, मुळगावकरांचं आत्मकथन, महिंदरसिंग पुज्जींचं आत्मचरित्र, युद्धकैदी राहिलेल्या धीरेंद्र जाफांचं ‘डेथ वॉजन्ट पेनफुल’ ही ठळक नावं. लालांचं पुस्तक कोरडं आहे अशी तक्रार ऐकू येते. मला ते त्याच कारणासाठी आवडतं. लढत कशी झाली याहून सुटे भाग का नव्हते, हे त्यांना जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्याला हवाई दल कसं चालतं हे कळून घ्यायचं आहे त्यानं त्या कोरडेपणाशी मैत्री करावी.

तिसरा प्रवाह सरकारी इतिहासाचा. दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय हवाई दलाचा खंड १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६५ च्या युद्धाचा सरकारी इतिहास मात्र १९९२ मध्ये लिहून तयार असूनही वर्षानुवर्षं बंद कपाटात राहिला, आणि २००० साली तो बाहेर फुटला तेव्हा लोकांनी संगणकावर वाचला. लढलेल्या माणसांनाच आपल्या युद्धाची अधिकृत हकिकत पस्तीस वर्षं वाचता आली नाही.

चौथा प्रवाह ताळा करणाऱ्यांचा, आणि गेल्या वीसेक वर्षांत या विषयाचा नूर त्यांनीच पालटला. पी. व्ही. एस. जगनमोहन आणि समीर चोप्रा यांनी १९६५ आणि १९७१ च्या हवाई युद्धांवर जी पुस्तकं लिहिली त्यांची पद्धत साधी आहे: एका बाजूचा दावा दुसऱ्या बाजूच्या नुकसानीशी ताडून पाहायचा. पाकिस्तानच्या बाजूनं कैसर तुफैल यांनीही तेच केलं, आणि आपल्या बाजूच्या फुगवलेल्या गोष्टींना टाचणी लावायला ते कचरले नाहीत. ७ सप्टेंबर १९६५ ला सरगोध्यावर पाकिस्तानी वैमानिक एम. एम. आलम यांनी मिनिटभराच्या आत पाच हंटर पाडल्याचा दावा तिकडे दंतकथा होऊन बसला आहे. भारतीय नोंदींशी तो जुळत नाही. पण ताळा केला की आपलेच आकडे मोठे होतात असंही नाही. आपल्याकडच्या काही दाव्यांनाही कात्री लागते, आणि ती लागू द्यावी.

ताळ्याचा सगळ्यात मोठा लाभ झाला तो देवय्यांना. स्क्वाड्रन लीडर अज्जमाड बोपय्या देवय्या ७ सप्टेंबरलाच सरगोध्यावरच्या धाडीत मिस्टिअर विमान घेऊन गेले आणि परतले नाहीत. इकडे ते बेपत्ता, एवढीच नोंद. जॉन फ्रिकर या इंग्रज लेखकानं पाकिस्तानी हवाई दलाच्या मदतीनं १९७९ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात एका मिस्टिअरनं एफ-१०४ स्टारफायटर पाडल्याची हकिकत आली. हा वैमानिक कोण असेल याचा इकडे शोध सुरू झाला, आणि १९८८ मध्ये, तेवीस वर्षांनी, देवय्यांना महावीरचक्र दिलं गेलं. शत्रूच्या बाजूनं लिहिलेल्या पुस्तकानं आपल्या वैमानिकाला न्याय दिला. ‘त्यांचं कशाला वाचायचं’ असं म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो.

यापलीकडे एक कोपरा आहे तो न परतलेल्यांचा आणि उशिरा परतलेल्यांचा. ५ डिसेंबर १९७१ ला फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचं सुखोई-७ पाकिस्तानातल्या शोरकोट रोड तळावरच्या धाडीत पडलं. पाकिस्तानी वर्तमानपत्रात पकडलेल्या वैमानिकांमध्ये त्यांच्या नावाशी मिळतंजुळतं नाव छापून आलं होतं. ते परत आले नाहीत. त्यांच्या पत्नी, बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या दमयंती तांबे यांनी पुढची अनेक दशकं हा प्रश्न लावून धरला. नोकरीचा इतिहास लिहायचा तर ही दशकंही त्यातच धरावी लागतात. कागदावर सेवा संपते तिथे घरच्यांची सुरू होते.

आणि दिलीप परुळकर. पुण्याचा हा माणूस १९६५ मध्ये जखमी झालेला असताना विमान घेऊन तळावर परतला होता. युद्धात पकडलो गेलो तर पळून येईन असं तो आधीपासून म्हणत असे. १० डिसेंबर १९७१ ला त्याचं सुखोई-७ पडलं आणि तो रावळपिंडीच्या कैदेत पोचला. गरेवाल आणि हरीश सिंहजी या दोन सहकैदी वैमानिकांसह त्यानं भिंतीला भोक पाडायला घेतलं, आणि १२-१३ ऑगस्ट १९७२ च्या रात्री तिघं बाहेर पडले. बसनं पेशावर, तिथून जमरूद, तिथून लंडी कोतल. अफगाण सरहद्द काही मैलांवर आली होती. जुन्या नकाशात लंडी खाना नावाचं स्टेशन होतं. त्यांनी त्याची वाट विचारली. तिथली गाडी १९३२ पासून बंद होती. चाळीस वर्षं बंद पडलेल्या स्टेशनची चौकशी करणारे हे कोण, म्हणून लोकांनी त्यांना अडवलं आणि बेत फसला. तेव्हा परुळकरांनी हुशारी केली: पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या एडीसीला, म्हणजे खास सहायक अधिकाऱ्याला, फोन लावायला लावला. तो अधिकारी पूर्वी त्यांच्याच कैदी छावणीचा प्रमुख होता. त्यामुळे तिघं जमावाच्या किंवा स्थानिक पोलिसांच्या हाती न जाता पुन्हा हवाई दलाच्या ताब्यात गेले, आणि १ डिसेंबर १९७२ ला वाघ्याहून बाकीच्यांबरोबर मायदेशी आले. या हकिकतीवर इंग्रजी पुस्तक झालं, चित्रपट झाला. मला त्यातली एक गोष्ट विशेष वाटते: दोन्हीकडच्या हवाई दलांतली माणसं एकमेकांना ज्या रीतीनं वागवतात ती रीत त्या फोनमध्ये दिसते. परुळकर पुढे ग्रुप कॅप्टन झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं.

नोकरी म्हणतो ती प्रत्यक्षात काय असते? वैमानिकाच्या लॉगबुकात ती ओळीओळीनं सापडते: तारीख, विमानाचा प्रकार, क्रमांक, कामाचं स्वरूप, किती वेळ हवेत. महिन्याच्या शेवटी बेरीज आणि वरिष्ठाची सही. युद्धाच्या महिन्यातल्या बेरजेखाली काही वेळा शांततेच्या महिन्यापेक्षा कमी तास असतात, कारण धावपट्टीच्या टोकाला, पट्टे आवळून, हुकूम आला की दोन मिनिटांत उडायच्या तयारीत बसून काढलेले तास लॉगबुकात धरले जात नाहीत. डिसेंबरच्या थंडीत पंजाबात किंवा मेच्या उन्हात राजस्थानात ते बसणं म्हणजे काय, हे सांगणाऱ्या आठवणी थोड्या आहेत. या पुस्तकात त्यांना मुद्दाम जागा दिली. जोरदार वळणात शरीराचं वजन सहापट होतं, रक्त पायांकडे उतरतं, डोळ्यांपुढे आधी करडं मग काळं येतं. इजेक्ट झालेल्या माणसाच्या मणक्याला बसलेला दणका निवृत्तीनंतरही सोबत करतो. मधली दोन-तीन वर्षं शिकवण्यात जातात, आणि अनेक जण खासगीत कबूल करतात की लढाईपेक्षा नवख्या पोराच्या मागच्या सीटवर बसणं जास्त भीतीचं होतं. दर दोन-तीन वर्षांनी बदली, मुलांची शाळा मोडलेली, बायकोची नोकरी सुटलेली. तळावर वेळी-अवेळी सायरन झाला की क्वार्टर्समधल्या बायका खिडकीत येऊन परतणारी विमानं मोजत.

मग एअरमन. विमान उतरल्यापासून इंधन, दारूगोळा, ऑक्सिजन भरून पुन्हा उडवण्यालायक करणारी माणसं. युद्धात हे काम किती मिनिटांत होतं त्यावर स्क्वाड्रन दिवसाला किती फेऱ्या करील हे ठरतं. परतलेल्या विमानाच्या पंखातलं भोक पाहून ‘साहेब, हे उद्या सकाळी तयार मिळेल’ असं म्हणणारा कॉर्पोरल या कथांमध्ये क्वचितच नावानिशी येतो. शिरूर-दौंडच्या वाचकाला वैमानिकाच्या नोकरीत आत शिरायची वाट या माणसाच्या बाजूनं आहे. काकांची, आजोबांची गोष्ट तिथे जोडता येते.

हे सगळं आत्ता का? १९६५ ला विशीत असलेले वैमानिक आज ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांची लॉगबुकं माळ्यावरच्या ट्रंकांत आहेत. मुलं परदेशात किंवा फ्लॅटमध्ये. घर आवरताना जुनी वही रद्दीत जायला वेळ लागत नाही. दुसरं, त्या तऱ्हेचं हवाई युद्धच आता इतिहासजमा झालं. १९६३ पासून सेवेत असलेलं मिग-२१, जे ओझरच्या कारखान्यात बनलं म्हणून महाराष्ट्राचंही होतं, २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप घेऊन गेलं. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान यांच्यात जी हवाई चकमक झाली त्यात दोन्ही बाजूंची विमानं बहुतांशी आपापल्या हद्दीत राहून लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांनी लढली. शत्रूचं विमान डोळ्यांनी पाहून, त्याच्या मागे लागून तोफ चालवणारा वैमानिक ही पिंगळ्यांच्या काळातली गोष्ट. लोहगावच्या सुखोई-३० मध्ये तर एकटा माणूसही नाही. पुढे एक, मागे एक असे दोघं बसतात आणि काम वाटून घेतात.

आणि बसणारेही बदलले. जून २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक हवाई दलात आल्या. मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी, सतरा जणी, बाहेर पडली. शिरूरहून खडकवासला शंभर किलोमीटरच्या आत आहे. इथल्या शाळांमधल्या ज्या मुली हे पुस्तक उघडतील त्यांना त्यात आधी सगळे पुरुषच भेटतील, याला इलाज नाही. इतिहास तसा आहे. पण त्यांना जी माहिती लागेल, म्हणजे निवड कशी होते, डोळे आणि उंचीचे निकष काय, नापास झालेल्याचं पुढे काय होतं, ती पुरवणीत दिली आहे, आणि ती वीरकथांइतकीच मन लावून तयार केली आहे.

पुस्तकाच्या मर्यादाही इथेच सांगतो. बाँबफेकी, मालवाहू आणि हेलिकॉप्टरचे वैमानिक यात घेतलेले नाहीत. त्यामुळे आझाद हिंद फौजेच्या वाटेनं जपानला जाऊन, पुढे कॅनबेरा विमानातून टेहळणी करत १९७१ चं महावीरचक्र मिळवणारे रमेश बेनेगल यांच्यासारखा विलक्षण माणूसही बाहेर राहिला. त्यांचं आत्मकथन स्वतंत्रपणे वाचावं. दावे आणि नुकसान यांचे आकडे जिथे दोन बाजूंनी वेगळे आहेत तिथे दोन्ही दिले आहेत, मधला काढलेला नाही. हुद्दे मूळचेच ठेवले, कारण फ्लाइट लेफ्टनंट आणि स्क्वाड्रन लीडर यांना मराठीत काहीही म्हटलं तरी तळावरचा माणूस ते ओळखणार नाही. कोण कोणाच्या वर, याचा तक्ता शेवटी आहे. भाषा बोलीच्या जवळची ठेवली, कारण यातल्या बऱ्याच हकिकती मुळात कोणीतरी कोणाला तरी सांगितलेल्या आहेत.

प्रकरणं काळाच्या क्रमानं लावली असली तरी तशी वाचायची सक्ती नाही. घाई असेल त्यानं व्हॅम्पायरच्या संध्याकाळपासून सुरुवात करावी. फौजेतल्या माणसानं थेट एअरमनच्या प्रकरणाकडे जावं, आणि दहावी-बारावीच्या मुलामुलींनी पुरवणीकडे. ज्यांच्या घरी लॉगबुक, स्क्वाड्रनचे फोटो किंवा तळावरून आलेली पत्रं असतील त्यांनी ती निदान मोबाइलवर पानापानानं टिपून जवळच्या ग्रंथालयात एक प्रत ठेवावी. मूळ वही घरातच राहू द्या. पुढच्या आवृत्तीला प्रत पुरेल.